व्हॅनिलाची खोली

व्हॅनिलाचा वेल आमच्या घरात आला तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. हातभर लांबीचा हिरवा दांडा, त्याला चारपाच जाड पानं. मुलगी तेव्हा सातवीत होती आणि तिला वर्गात ऑर्किडवर बोलायचं होतं, म्हणून माझा नवरा तिला श्टुटगार्टजवळच्या एका हरितगृहात भरलेल्या ऑर्किडच्या विक्रीला घेऊन गेला होता. ती मोबाइल भरून फोटो घेऊन आली आणि हा ते बंडल घेऊन.

"अरे, ऑर्किड म्हणजे ते फुलांचं असतं ना, कुंडीतलं?" मी म्हटलं.

"हेही ऑर्किडच. पण हे चढतं. झाडावर, भिंतीवर, जे मिळेल त्यावर." त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरला आणि लगेच लेक्चर सुरू केलं. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात, फूल एकच सकाळ टिकतं, त्याची खास मधमाशी इथे नाही म्हणून परागीकरण हाताने करावं लागतं. मुलीने डोळे फिरवले. मी पोळ्या लाटत होते, म्हणून ऐकून घेतलं.

माझा नवरा तेव्हा बोलका माणूस होता. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण ज्यांनी त्याला नंतर पाहिलं त्यांना ते खरं वाटत नाही. कुणाचं वॉशिंग मशीन बिघडलं की फोन याला जायचा, आणि हा दुरुस्ती करता करता त्या मशिनची अख्खी कुंडली समोरच्याला ऐकवायचा. गणपतीत आरती संपली की माइक कुठूनतरी त्याच्याच हातात यायचा. जेवायला बोलावलेले लोक दारात चपला घालून अर्धा तास उभे असायचे, कारण याची गोष्ट संपलेली नसायची.

आम्ही नेकारसुल्मला राहत होतो, गावाच्या वरच्या अंगाला, द्राक्षमळ्यांच्या उताराला लागून. खालच्या मजल्यावर घरमालक, वर आम्ही. घरमालकांचं वय ऐंशीच्या घरात. बायको वारलेली, मुलगी लांब दुसऱ्या गावी. उतारावरच्या द्राक्षांच्या काही ओळी ते अजून स्वतः राखायचे. आम्ही आपसात त्यांना 'खालचे आजोबा' म्हणायचो. त्यांचा एकच धोशा असे, तो म्हणजे ल्युफ्टन. दिवसातून दोनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर बर्फ असला तरी, आणि घरातली दमट हवा घालवून टाकायची. नाहीतर भिंतीला बुरशी धरते. जिन्यात भेटले की नमस्काराच्या आधी हेच.

पहिलं वर्षभर वेल म्हणजे घरातली एक गंमत होती. त्याला माती चालत नाही. पाइनच्या सालीचे तुकडे आणि नारळाची सोडणं, बस. आमच्या नळाच्या पाण्यात चुना फार, म्हणून नवऱ्याने बाल्कनीत पावसाचं पाणी साठवायला पिंप ठेवलं. वेलाला चढायला शेवाळ भरलेली एक काठी आणली होती. पण वेल जसा जड झाला तशी काठी कलली, आणि एका रविवारी कुंडीसकट आडवी झाली. आवाज ऐकून खालचे आजोबा वर आले. त्यांनी काठी दोन बोटांनी हलवून बघितली.

"वेल आहे ना हा? मग खेळण्यातल्या काठीने काय होणार?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मळ्यातला एक डांब आणून दिला. बाभळीच्या जातीचं लाकूड, साल अजून तशीच, खडबडीत. द्राक्षं बांधायची मऊ पोकळ नळीही दिली, वेलाला काचू नये म्हणून. दोघांनी मिळून डांब एका मोठ्या कुंडीत दगड भरून पक्का केला. वेलाच्या प्रत्येक पेराला पानाच्या समोर एक जाड पांढरं मूळ फुटतं. महिनाभरात ती मुळं त्या सालीला चिकटली, अशी की बांधलेली नळी सोडली तरी वेल जागचा हलेना. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ओढून दाखवायचा.

त्यानंतरच्या वर्षी त्याची नोकरी गेली. तो गावातल्या मोटारींच्या मोठ्या कारखान्यात नव्हता, त्याला माल पुरवणाऱ्या एका कंपनीत होता. ते इंजिनांचे पंप बनवायचे. विजेच्या गाड्या आल्या, पंपांची मागणी आटली, जे उरलं ते हंगेरीला गेलं. कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावून सांगितलं म्हणे. मी त्या दिवशी घरून काम करत होते. तो दुपारीच घरी आला, बूट काढले, आणि खुर्चीवर बसून, 'तर मग' म्हणावं तसं जर्मनमध्ये म्हणाला, "आल्झो. आमचा विभाग बंद."

"सगळा?"

"सगळा."

पुढे त्याने मलाच धीर दिला. इतकी वर्षं काम केलंय, इथे इंजिनिअर लागतातच, सहा महिन्यांत काहीतरी होईल. आणि सुरुवातीला तो खरंच सकाळी आठला टेबलाशी बसायचा. अर्ज पाठवायचा, जर्मन सुधारायला बातम्या लावायचा. मुलाखतीही झाल्या दोन-तीन. मग उत्तरं येईनाशी झाली. नकार आला तर तो निदान त्यावर बोलायचा. काहीच आलं नाही की काही बोलायला नसायचं.

मराठी मंडळात त्याने कुणाला सांगू दिलं नाही. पुण्याला त्याच्या आईला तर अजिबातच नाही. रविवारी आईचा व्हिडिओ कॉल असायचा, आणि मधे एखाद्या वारीही यायचा. तेव्हा तो टीशर्टवर इस्त्रीचा शर्ट चढवून बसायचा.

"आज पण घरीच का रे?" सासूबाई विचारायच्या.

"होम ऑफिस आहे, आई."

"बरंय बाई तुमचं. आमच्या वेळी हे नव्हतं."

फोन ठेवला की तो शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकायचा. तो तिथेच असायचा, पुढच्या फोनपर्यंत.

त्या हिवाळ्यात त्याने वेल दिवाणखान्यातून छोट्या खोलीत हलवला. ती त्याची कामाची खोली होती. तिथे सकाळचं ऊन येतं, असं कारण. मग टेबल बाहेर काढलं, कारण डांबाला जागा हवी. मग हवा दमट ठेवायचं यंत्र आलं, कारण हीटिंग लावलं की घर कोरडं पडतं आणि मुळांची टोकं वाळतात. रेडिएटरवर ओले टॉवेल. आणि खिडकी बंद. व्हॅनिलाला गार हवेचा झोत चालत नाही. त्या खोलीत शिरलं की चष्म्यावर वाफ धरायची, आणि कुजक्या पानांचा वास यायचा. तो तिथे सकाळी जायचा आणि मी संध्याकाळी कामावरून आले की तिथेच असायचा. बाहेर पाचला अंधार झालेला. दाराखालून झाडांसाठी लावलेल्या दिव्याचा जांभळट उजेड.

खालच्या आजोबांच्या ते लक्षात आलंच. एका शनिवारी त्यांनी मला जिन्यात थांबवलं.

"त्या कोपऱ्यातल्या खोलीची खिडकी उघडलेली मी कितीतरी दिवसांत पाहिली नाही."

"वेल आहे तिथे. त्याला थंडी—"

"वेलाचं मला कळतं. घराचंही कळतं." मग आवाज खाली आणून, "तुमचे मिस्टर बरे आहेत ना?"

मी हो म्हटलं. वर जाऊन सरळ त्या खोलीची खिडकी उघडली. तो जमिनीवर बसला होता, तो उठला आणि त्याने ती लावली. मी परत उघडली.

"पाच मिनिटं उघडली तर मरणार आहे का तो?"

"मरेल," तो म्हणाला. अगदी सपाट आवाजात. मी खिडकी लावली आणि बाहेर आले.

वेल मात्र वाढत होता. डांब संपला तसा तो छताला लागला, तिथून पडद्याच्या दांडीवर, आणि दांडीवरून भिंतीवर. भिंतीला इकडच्या घरांत असतो तो लाकडाच्या भुश्शाचा खरबरीत कागद होता. मुळांना तो फार आवडला. फूल यायचं असेल तर वेलाचं टोक वरून खाली आणावं लागतं, पण एकदम वाकवलं तर दांडा मोडतो. म्हणून नवरा तो रोज थोडाथोडा वाकवायचा. आज दोन बोटं, बांधून ठेवायचा, उद्या आणखी दोन. दुसरं काही करताना त्याचे हात इतके हळू मी पाहिले नव्हते. तेवढा वेळ तो मला पूर्वीसारखा वाटायचा. मी दारात उभी राहून बघायची. काही विचारलं तर उत्तर यायचं, पण दोन शब्दांचं.

मग तेही थांबलं. वेलाचं एक वळण अर्धवट बांधलेलं, नळीचं टोक लोंबकळतंय, फवारणीची बाटली रिकामी. जेवायला हाक मारली तर यायचा, पण ताटातलं तसंच राहायचं. दाढी वाढली. रविवारचा फोन आला की 'मीटिंगमध्ये आहे म्हणून सांग' म्हणायचा. रविवारी.

हे असं बरेच महिने चाललं. उन्हाळा आला नि गेला. ऑक्टोबरमध्ये एकदा मी ऑफिसात असताना मुलीचा फोन आला. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते ती जर्मनमधून, लहानपणापासून. फोनवर ती आधी जर्मनमध्येच म्हणाली की घरी ये. मी विचारलं काय झालं. तेव्हा मराठीत, "आई, बाबा उठत नाही."

मी कशी पोचले ते मला आठवत नाही. खोलीचं दार उघडं होतं, खिडकी उघडी होती, गार वारा आत येत होता. नवरा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, पाय लांब करून, रात्रीच्याच कपड्यांत. शेजारी पालथ्या घातलेल्या बादलीवर खालचे आजोबा. मुलगी घाबरून त्यांच्याकडे धावली होती. त्यांनी आपला लोकरी कोट याच्या पायांवर पांघरला होता आणि एक हात याच्या खांद्यावर ठेवला होता.

मी खाली बसले. "अरे, काय होतंय?"

"काही होत नाहीये," तो म्हणाला. "मला उठता येत नाहीये. सकाळपासून बघतोय."

"कुठे दुखतंय?"

"नाही दुखत."

आजोबा म्हणाले, "आमच्या डॉक्टरीणबाईंना मी फोन केलाय. त्या येतायत." आणि मग माझ्याकडे न बघता, "खिडकी मी उघडली. माफ करा."

डॉक्टरीणबाई आल्या, त्याच्याशी जमिनीवर बसूनच बोलल्या. आजाराला नाव मिळालं. मीही ते मनात कितीदा म्हटलं असेल, पण दुसऱ्याने मोठ्याने म्हटलं तेव्हा मला रडू आलं. गोळ्या सुरू झाल्या. चांगल्या क्लिनिकमध्ये जागा मिळायला बरीच वाट पाहावी लागली. नाताळ होऊन गेल्यावर ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका क्लिनिकचा फोन आला, आणि मी त्याला गाडीने तिथे सोडून आले. वाटेत दोन्ही बाजूंना बर्फ. त्याने एकदाही रेडिओ बदलला नाही.

आता सासूबाईंना सांगणं भाग होतं. त्या रविवारी फोन मीच घेतला.

"तो कुठेय?"

"आई, तो दवाखान्यात आहे."

"काय झालं? छातीत दुखलं का?"

"नाही हो. शरीराने ठीक आहे. मनाचं आहे. नोकरी गेलीय त्याची, कधीच. तुम्हाला काळजी वाटेल म्हणून बोलला नाही. मग हळूहळू... त्याला जागचं उठवेना, आई."

तिकडे मागे कुणाच्यातरी घरी मिक्सर चालू होता. असं कसं होईल, एवढा हुशार मुलगा, तुझं लक्ष नव्हतं का, असं काहीतरी येणार म्हणून मी तयार होऊन बसले होते.

"ह्यांचंही असंच झालं होतं," त्या म्हणाल्या.

"बाबांचं?"

"याच्या मुंजीच्या आधी. दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचे. आम्ही सगळ्यांना सांगितलं, पाठ धरलीय. ऑफिसातही तेच, नातेवाइकांतही तेच. याला पण तेच सांगितलं, बाबांच्या पाठीला धक्का लावू नको म्हणून. हा बिचारा चवड्यांवर चालायचा घरात."

"मग बरे कसे झाले?"

"बरे झाले असं नाही म्हणणार मी. एक दिवस उठून दाढी केली आणि कामावर गेले. मधूनमधून परत पाठ धरायची. याला सांगू का गं मी हे? चालेल का तिथल्या डॉक्टरांना?"

"सांगा, आई. चालेल."

त्यांनी त्याला क्लिनिकमध्ये फोन केला. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही.

घरात आम्ही दोघी. मी त्या खोलीची खिडकी सकाळ-संध्याकाळ उघडायला लागले. वेल त्यामुळे मेला नाही. पाणी, फवारा मुलगी बघायची. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मार्च सरता सरता तिनेच मला हाताला धरून तिथे नेलं. खाली आणलेल्या वळणावर, पानांच्या बेचक्यात, बोटाच्या पेराएवढे हिरवे झुबके आले होते. कळ्या.

मी त्याच दिवशी क्लिनिकला फोन लावला. "अरे, कळ्या आल्यात."

"अच्छा."

"व्हॅनिलाला. कळ्या."

"हो. छान झालं."

शेजारच्यांच्या घरी पाहुणे आलेत असं सांगितल्यावर म्हणावं, तसं. गोळ्यांनी आवाज जड झालेला. मी फोन ठेवला आणि सिंकमधली भांडी हाताने घासत बसले, डिशवॉशर रिकामा असताना.

मुलीने मात्र मनावर घेतलं. तिने व्हिडिओ बघून सगळं शिकून घेतलं. फुलात नर आणि मादी भागांच्या मधे एक पातळ पडदा असतो. तो टूथपिकने वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग खाली दाबायचे. हे सकाळीच करायचं, दुपारपर्यंत फूल मिटतं. पहिलं फूल उमललं, फिकट पोपटी-पिवळं, दिसायला काही विशेष नाही. आम्ही बघत राहिलो, हात लावायचा धीर झाला नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते गळून खाली पडलं होतं. दुसऱ्याचा पडदा तिच्या हातून फाटला. मग ती रोज सकाळी शाळेच्या आधी खुर्चीवर चढायची, मी मोबाइलचा टॉर्च धरायची.

"आई, निश्त आटमन," ती दात आवळून म्हणायची. श्वास घेऊ नकोस. माझ्या श्वासाने फूल हलत होतं म्हणे.

शाळेला उशीर झाल्याचे दोन निरोप आले. तिने सांगितलं की घरी आजारपण आहे, आणि ते खोटं नव्हतं. किती फुलं आली आणि गेली. एकच टिकलं. ते सुकलं पण गळलं नाही, आणि त्याच्या मागचा देठ लांबायला लागला. तिने त्याचा फोटो वडिलांना पाठवला. तिकडून अंगठा आला, नुसता. तिने तो मला दाखवला आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

तो जूनमध्ये घरी आला. अंगाने सुटला होता, चेहऱ्यावर सूज असल्यासारखी, पण दाढी केलेली होती. चहा घेतल्यावर आपणहून त्या खोलीत गेला. मुलगी दारात. शेंग तोवर वीतभर झाली होती. त्याने शेंगेकडे पाहिलं आणि मग खाली वाकून कुंडीशी दांडा चाचपला. तिथे तो तपकिरी, पिचपिचीत झाला होता.

"खालून सडलाय," तो म्हणाला. "हे असं होतं याचं."

"म्हणजे मेला?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

"नाही. वरची मुळं भिंतीवर आहेत, डांबावर आहेत. खालचं कापून टाकू. फवारा जास्त मारावा लागेल, एवढंच." त्याने स्वयंपाकघरातली सुरी गरम पाण्यात बुडवून आणली आणि सडलेला भाग कापून काढला. वेल तसाच अधांतरी राहिला आणि जगला.

त्याच उन्हाळ्यात खालचे आजोबा हातात वाइनची बाटली घेऊन वर आले. बसा म्हटलं तरी बसेनात. त्यांच्या मुलीचा संसार मोडला होता. ती दोन मुलांना घेऊन परत येणार होती. तिला वरचं घर हवं होतं.

"घाई नाही," ते म्हणाले. "पण तुम्हाला बघावं लागेल दुसरं. मला वाटलं होतं, मी मरेपर्यंत तुम्हीच राहाल वर."

मी काहीतरी म्हटलं. नवऱ्याने बाटली उघडली आणि तिघांसाठी ओतली.

त्याला काम मिळालं, पण ड्रेस्डेनला. चिप बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रं राखायचं काम, शिफ्टमधलं. पूर्वी तो जे करायचा त्याच्या खालचं. मुलगी म्हणाली मी येणार नाही, आणि माझी नोकरी इथली. एक संध्याकाळ आम्ही तिघं त्यावर बोललो, फार नाही. तो म्हणाला, "मी एकटा जातो. मला जायला हवं." क्लिनिकमधल्या डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, प्रयत्न करून बघा, पण उपचार सोडू नका. आम्ही दोघी स्टेशनजवळच्या दोन खोल्यांच्या घरात जायचं ठरलं.

घर सोडायच्या आधीच्या शनिवारी वेल काढायचा होता. आजोबा म्हणाले, "कागद तसाच फाडा, माझी मुलगी नवाच लावणार आहे." पण नवऱ्याने ऐकलं नाही. त्याने कोमट पाण्याचा स्पंज घेतला आणि एकेक मूळ भिजवून, बोथट सुरी खाली सरकवून सोडवायला लागला. मुळं पट्टीसारखी चपटी होऊन कागदात शिरली होती. थोड्या वेळाने आजोबा शिडी घेऊन आले आणि दुसऱ्या टोकाने सुरू केलं. दुपारपर्यंत दोघं तसेच, पाठीला पाठ. वेल सुटला तसा मागचा कोपरा उघडा पडला. छतापासून खालपर्यंत काळी बुरशी, हाताएवढी रुंद. नवरा शिडीखाली स्पंज धरून थांबला.

आजोबांनी त्या बुरशीकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हं," म्हणाले, आणि पुढचं मूळ सोडवायला घेतलं.

वेलाचे तीन तुकडे झाले. एक आजोबांनी ठेवून घेतला. शेंग लागलेला सगळ्यात लांब तुकडा डांबासकट आम्ही दोघांनी उचलला. जिन्याच्या वळणावर डांब कठड्याला घासला आणि शेंग तुटून पायरीवर पडली. मुलगी मागेच होती. तिने ती उचलली. हिरवीगार, फरसबीसारखी. पिकायला अजून तीन-चार महिने तरी हवे होते. "आता?" तिने विचारलं.

नव्या घराच्या खिडक्या उत्तरेला आहेत. वेलाचे दोन्ही तुकडे तिथे नोव्हेंबरही बघू शकले नाहीत. शेंगेवर मात्र मुलीने सगळे सोपस्कार केले. गरम पाण्यातून काढली, लोकरी मोज्यात गुंडाळून रेडिएटरवर ठेवली, रोज थोडा वेळ उघडी करून वाळवली. शेंग काळी पडली, आक्रसली, एका टोकाला बुरशी आली तेवढं तिने कापलं. उरलेला तुकडा बरणीत.

नवरा शुक्रवारी रात्री यायचा, रविवारी दुपारी परत जायचा. असाच एकदा आलेला असताना तिने बरणी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढून आधी स्वतः वास घेतला.

"काही नाही," ती म्हणाली, आणि बरणी बाजूला सारली.

त्याने ती ओढून घेतली. डोळे मिटून हुंगली, बराच वेळ. "येतोय," तो म्हणाला. "थोडा आहे. खाली आहे, मागे. घे परत."

तिने परत घेतला. मग मान हलवली, हो म्हणून. मग बरणी माझ्याकडे आली. मला जुन्या गवतासारखं काहीतरी आलं, आणि लोकरीचं. व्हॅनिला नाही. मी बरणी परत मधे ठेवली. ती दोघं माझ्याकडे बघत नव्हती, ती बरणीकडे बघत होती.

तो अजून ड्रेस्डेनलाच आहे. काही आठवडे चांगले जातात. काही आठवड्यांत त्याचा आवाज ऐकूनच कळतं. मुलगी आता दहावीत आहे. पुढे काय करणार ते सांगत नाही. तिच्या खोलीचं दार बंद असलं की मी बाहेर थोडा वेळ उभी राहते. मग आतून गाण्याचा आवाज आला की पुढे जाते.

गेल्या बुधवारी त्याचा फोन संध्याकाळी लवकरच आला.

"आज कामावर नाही गेलो," तो म्हणाला.

"उठता आलं नाही?"

"उठलो. पण दाराशी जाऊन परत आलो."

"डॉक्टरांना फोन केलास?"

"केला. उद्याची वेळ दिलीय."

"आणि जेवण?"

"खिचडी टाकतोय." पाणी ओतल्याचा आवाज आला, मग डाळ-तांदूळ धुतल्याचा. मी ठेवते म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला, "फोन चालू ठेवशील का? बोललं पाहिजे असं नाही."

मी चालू ठेवला. त्याच्याकडे कुकर नाही, पातेल्यात शिजायला वेळ लागतो.